नातीच्या वयाची पुळण

12 एप्रिल 2022, मंगळवार
हिलो, हवाई बेट, रात्री साडेदहा

तळपाय अजून हुळहुळताहेत. चूक माझीच. पुळण दिसली की चपला हातात घ्यायच्या ही जन्माची सवय, तशा पुनालुऊच्या किनाऱ्यावरही घेतल्या. धाकटी मागून ओरडली, "ताई, काळी आहे ती!" तिला काय म्हणायचंय हे कळायला मला पाच पावलं लागली. दुपारचं ऊन आणि ते सगळं पिऊन बसलेली वाळू. सहाव्या पावलाला मी चक्क धावत पाण्यात शिरले, तर तिथे दुसरा धक्का. पाणी गारेगार, विहिरीतून नुकतं शेंदल्यासारखं. आणि एका जागी गार, हातभर पलीकडे कोमट.

त्याचं कारण आहे. मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर पडणारा पाऊस या भागात नदी-ओढ्याने फारसा वाहतच नाही. खडक इतका सच्छिद्र की पाणी थेट आत मुरतं, जमिनीखालून चालत येतं आणि किनाऱ्याशी, समुद्राच्या पोटातच वर फुटतं. पुनालुऊ या नावाचा अर्थच मुळी 'बुडी मारून गाठायचा झरा'. दुष्काळात इथली माणसं भांडं घेऊन समुद्रात बुडी मारत आणि झऱ्याच्या तोंडाशी ते भरून वर येत. खाऱ्या पाण्यात उतरून गोडं पाणी आणायचं! मी ओंजळभर पाणी जिभेला लावून पाहिलं. मचूळ.

वाळूबद्दल लिहायचं तर आधी रंग. लांबून कोळशाची वखार. जवळ गेल्यावर मात्र तिच्यात निळसर झाक दिसते, आणि लाट मागे सरली की क्षणभर सगळी पुळण ओल्या पाटीसारखी होते. त्या पाटीवर फेस इतका पांढरा दिसतो की आजवर पाहिलेला फेस मळका होता की काय असं वाटावं. मूठ उघडली तर वाळू झरझर निसटते. कण चमकतात, कारण ती काच आहे. अकराशे अंशांच्या वरचा लाव्हा समुद्रात शिरला की पाण्याची वाफ होते आणि तिचे स्फोट होतात. त्या दणक्यात लाव्ह्याच्या चिंध्या उडतात आणि सावकाश थिजायला सवड न मिळाल्याने त्यांचे स्फटिक होत नाहीत, काच होते. मग लाटा ती दळत बसतात. मधूनच एखादा हिरवा कण दिसतो, तो ऑलिव्हीन नावाच्या खनिजाचा.

हे सगळं मला धाकटीने सांगितलं. तीस वर्षं भूगोल शिकवलाय तिने. फळ्यावर ज्वालामुखीची उभी चिरलेली आकृती किती वेळा काढली असेल याचा हिशेब नाही. पण आजवर खरा एकही पाहिलेला नव्हता. तिच्या निवृत्तीची भेट म्हणून तर ही सहल.

तिनेच आणखी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांपासून होणारी पांढरी वाळू रोज थोडी थोडी तयार होत असते. प्रवाळ कुरतडणारे मासे तर ती अक्षरशः हगतात (शब्द तिचाच, निवृत्त झाल्यापासून ती मोकळी झाली आहे). इथली काळी वाळू तशी नाही. लाव्हा समुद्रात शिरत असतो तेवढाच काळ ती बनते, मग दुकान बंद. त्यानंतर समुद्र काही नेतो, काही आणून टाकतो, पण नवी भर नाही. "म्हणजे समोर दिसतेय ती शिल्लक," ती म्हणाली.

मी आपली समजत होते की पुळण असते म्हणजे असतेच.

कासवांचं राहिलंच. पुळणीवर दगडांची एक ओळ मांडली आहे, त्यापलीकडे माणसांनी जायचं नाही. पलीकडे तीन मोठे शेवाळलेले दगड होते. त्यांतल्या एकाने डोळा उघडला. हवाईची हिरवी कासवं ऊन खायला किनाऱ्यावर येतात. समुद्री कासवांत ही सवय फार थोड्या ठिकाणी दिसते. अंडी घालायला मात्र त्यांतली बहुतेक इथे थांबत नाहीत, पार वायव्येकडच्या प्रवाळबेटांपर्यंत शेकडो किलोमीटर पोहत जातात. मी तासभर बसले. त्या तासात कासवाने केलेली एकूण हालचाल म्हणजे एक उसासा आणि उजव्या वल्ह्याने अंगावर उडवलेली थोडी वाळू. माझ्या वल्हेविरहित आयुष्यात मी कधी इतकी स्वस्थ बसले होते?

हा किनारा दिसतो तसा निवांत मात्र नाही. 2 एप्रिल 1868ला काऊ भागात मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने या बाजूची गावं धुऊन नेली. 1975च्या नोव्हेंबरात पुन्हा भूकंप, पुन्हा लाटा. तेव्हा किनाऱ्याचा काही भाग खचून खाली बसला. नारळीच्या सावलीत बसून हे वाचताना मी उगाचच वळून टेकडी किती लांब आहे ते पाहिलं.

येताना अंधार पडल्यावर किलाउएया ज्वालामुखीच्या काठावर थांबलो. हालेमाउमाउच्या विवरात लाव्ह्याचं तळं आहे. आम्ही उभ्या होतो तिथून वितळलेला असा फार थोडा दिसत होता, पण वरची वाफ खालून तांबूस उजळलेली. कुणी जोरात बोलत नव्हतं. मी धाकटीकडे पाहिलं. आता ही मॅग्मा आणि लाव्हा यांतला फरक सांगणार अशी माझी खात्री होती. ती काहीच बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आकृतीत मी तांबडा खडू वापरायचे. चुकत होतं." तांबडा नाही तर कोणता, हे काही तिने सांगितलं नाही.

13 एप्रिल, बुधवार

पाऊस. हिलोला वर्षाकाठी तीन मीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बराचसा आज पडून गेला असावा.

खोलीत बसून पेलेबद्दल वाचलं. पेले म्हणजे ज्वालामुखीची देवी, तिचं घर हालेमाउमाउमध्ये. इथला दगड किंवा वाळू उचलून नेली तर तिचा कोप होतो, अशी गोष्ट पर्यटकांत फार चालते. घरी गेल्यावर नोकरी गेली, पाय मोडला, की माणसं तो दगड खोक्यात घालून माफीच्या चिठ्ठीसकट टपालाने परत पाठवतात. राष्ट्रीय उद्यानाकडे अशी खोकी सतत येत असतात. हा शाप मूळ हवाईयन परंपरेतला नाही, गेल्या शतकातच कुणीतरी सोडून दिलेली पुडी आहे असं म्हणतात. वाळू उचलायला कायद्याने बंदी आहे ती आहेच. पण कायद्यापेक्षा शाप जास्त काम करतो, हे जगात सगळीकडे सारखंच दिसतं.

कबुली: काल पुनालुऊला माझी मूठ पर्सपर्यंत गेली होती. कासवाने पाहिलं असं वाटून परत ओतली.

14 एप्रिल, गुरुवार
रात्र बरीच झाली आहे

आज दोन पुळणी पाहिल्या. एक बत्तीस वर्षांची, एक चार वर्षांची. पुळणीला वय असतं हे वाक्य परवापर्यंत मला लिहिता आलं नसतं.

आधी काइमू. कालापाना गावाजवळची काइमूची काळी पुळण एके काळी बेटावरची सगळ्यांत देखणी म्हणून ओळखली जायची. किलाउएयाच्या अंगाला पुऊ ओओ नावाच्या मुखातून 1983मध्ये सुरू झालेला उद्रेक 2018पर्यंत चालला. त्यातला लाव्हा 1990मध्ये या गावात उतरला. शंभरावर घरं गेली आणि पुळण, उपसागर सगळं पन्नासेक फूट लाव्ह्याखाली गाडलं गेलं. लाकडी भिंतींवर चित्रं रंगवलेलं एक छोटं चर्च मात्र लोकांनी लाव्हा पोचण्याआधी अख्खंच्या अख्खं उचलून दुसरीकडे नेलं. आता ते रस्त्याकडेला उभं आहे. देवाला उचलून न्यावं लागलं म्हणून कुणाची श्रद्धा कमी झालेली दिसली नाही.

रस्ता संपतो तिथून पुढे समुद्रापर्यंत लाव्ह्यावरून चालायचं. हा पाहोएहोए, म्हणजे साय धरत, सुरकुत्या पाडत थिजलेला लाव्हा. दुसरा प्रकार आआ, खडबडीत आणि धारदार. दोन्ही शब्द हवाईयन, जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ हेच वापरतात. आआवरून अनवाणी चाललं की तोंडातून जो आवाज निघेल तेच त्याचं नाव, असा इथला विनोद आहे. परवाच्या अनुभवावरून सांगते, नुसत्या तापलेल्या वाळूवरही तोच निघतो.

त्या काळ्या माळावर जिथे चीर पडली आहे तिथे नेचे उगवले आहेत, आणि ओहिआची रोपं. कोवळ्या लाव्ह्यावर सगळ्यांत आधी मुळं धरणाऱ्या झाडांपैकी हे एक. लाल केसरांचं फूल, दुसरं काहीच नसताना. पुढे नारळ. हे आपोआप आलेले नाहीत. मूळची पुळण गेल्यावर इथल्या लोकांनी मोड आलेले नारळ आणून नव्या किनाऱ्यावर लावले. खाली माती नाही, नुसती वाळू आणि खडक. आता त्यांची रांग झाली आहे. त्या रांगेपुढे नवी काळी पुळण आहे, जुन्या पुळणीच्या बरीच पुढे समुद्रात. जुना किनारा आमच्या पायाखाली होता. समुद्र खवळलेला, आत पाय टाकायची छाती झाली नाही.

तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने पोहोइकी. मध्येच रस्ता 2018च्या लाव्ह्यातून कापून काढला आहे. दोन्ही बाजूंना काळे बांध, त्यांच्यामागे लगेच रान. जिथून लाव्हा गेला तिथे काही नाही, जिथून गेला नाही तिथे आंब्या-फणसाएवढी गर्द झाडं. सीमा सुरीने आखावी तशी.

3 मे 2018ला इथे लोकांच्या अंगणात, रस्त्यांवर भेगा पडून लाव्हा वर आला. एकूण चोवीस भेगा, त्यांतल्या आठवीने खरा कहर केला. सातशेवर घरं गेली. एक गोड्या पाण्याचं तळं काही तासांत वाफ होऊन उडून गेलं. जूनच्या सुरुवातीला कापोहोचा अख्खा उपसागर, त्यातल्या प्रवाळांच्या डोहांसकट, बुजला. पोहोइकीच्या धक्क्यापासून मात्र लाव्हा साधारण सत्तर मीटरवर थांबला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार. पण शेजारी लाव्हा समुद्रात पडत होता आणि तिथे बनणारी वाळू प्रवाह इकडे आणून टाकत होता. त्या वाळूने बंदराचं तोंडच बंद केलं.

तीच ही पुळण. 2018च्या उन्हाळ्यातली. माझी नात जूनमधली.

सुंदर आहे, नाही म्हणणार नाही. अर्धचंद्राकार, पुनालुऊपेक्षा काळी. कण अजून कोवळे, म्हणजे टोकदार. हाताला बोचतात. मागे नारळ आणि वाळूने अडवलेल्या पाण्याची डबकी. ती जमिनीतल्या उष्णतेने कोमट असतात. लोक त्यांत बसले होते. मी नातीला दाखवायला फोन लावला. तिने बराच वेळ पाहून विचारलं, "धुतली तर पांढरी होईल?" मी म्हटलं, नाही होत. ही तुझ्याएवढीच आहे. त्यावर ती म्हणाली, "मग तिचे दात पडले?"

धाकटी तोवर डबक्याकडे गेली होती. तिने हाक मारली. तिथे होड्या उतरवायचा काँक्रीटचा उतार आहे. बाजूला बांधलेली कड, नीट घासलेली उतरण. ती खाली जाते आणि त्या डबक्यात संपते. पुढे वाळूचा बांध आणि त्याच्या पलीकडे समुद्र.

उताराच्या वरच्या टोकाला एक म्हातारा आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता. इथे वडीलधाऱ्या बाईला कुणीही 'आँटी' म्हणतं, त्यानेही म्हटलं, जरी तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, किती सुंदर पुळण आहे तुमची.

"आहे खरी," तो म्हणाला. "माझी होडी अंगणात आहे."

हा या भागातल्या मच्छीमारांचा जवळचा धक्का होता. आता होडी गाडीला जोडून हिलोपर्यंत न्यावी लागते. त्याच्यात राग नव्हता. पेलेबद्दल तर मुळीच नाही. तिची जमीन आहे, तिने घेतली, असं काहीसं म्हणाला. मी विचारलं, मग रोज इथे येऊन काय करता? त्याने हनुवटीने वाळूच्या बांधाकडे दाखवलं. मोठी लाट आली की बांधाचा आकार बदलतो. कधी इकडे भर, कधी तिकडे. एक दिवस नेईल सगळी, म्हणाला.

परवा पुनालुऊला मी ज्या गोष्टीने हळहळले होते, तिचीच तो वाट पाहत होता.

मी चपला घातल्या. धाकटी त्याला विचारत होती की पूर्वी इथे पाणी किती खोल होतं, आणि तो फळीवरून उतरून, हात पसरून, नसलेल्या बंदरात कुठली होडी कुठे उभी असायची ते तिला एकेक करून दाखवत होता.