पार्किंगचा दंड, कौन्सिलचं पत्र आणि दिव्याच्या खांबाचा नंबर

इंग्लंडमध्ये गाडीवर पार्किंगची नोटीस लागली की आपली माणसं एकच सल्ला देतात, "भरून टाक, अर्ध्यात सुटशील." मला नवऱ्यानं हेच सांगितलं, ऑफिसातल्यांनीही हेच सांगितलं. मी भरला नाही. शेवटपर्यंत भांडले आणि दंड रद्द झाला. पण मधल्या काळात कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग विभागानं जो मनस्ताप दिला, त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमच्या गावात रस्त्यावरचं पार्किंग कित्येक वर्षं पोलिसांकडेच होतं. म्हणजे कागदोपत्री होतं. पिवळ्या रेषेवर गाडी लावा, रहिवाशांच्या जागेत लावा, कोणी फिरकत नसे, कारण पोलिसांकडे त्यासाठी माणसंच नव्हती. मग कौन्सिलनं हे काम अंगावर घेतलं. लंडनमध्ये १९९१ च्या कायद्यानंतर हे नव्वदच्या दशकातच झालं होतं. बाकी इंग्लंडमध्ये सध्या २००४ चा ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्ट चालतो, त्यातला पार्किंगचा भाग ३१ मार्च २००८ पासून लागू झाला. पण प्रत्येक भागाला सरकारकडे वेगळा अर्ज करावा लागतो, त्यामुळे काही गावांत हा बदल फार उशिरा आला. आमचं त्यातलंच एक. बदल व्हायलाच हवा होता, याबद्दल माझी तक्रार नाही. आता दवाखान्यासमोर अपंगांची जागा खरोखर मोकळी मिळते.

पोलिसांच्या काळात पार्किंग हा गुन्हा होता आणि तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जावं लागे. आता तो दिवाणी मामला आहे. गाडीवर लागते ती पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे पीसीएन, आणि भांडण थेट कौन्सिलशी. पोलिसांना फोन करून उपयोग नाही. गाडीमुळे वाहतूक अडली असेल तर ते आजही बघतात, बाकी सगळ्याला "कौन्सिलला विचारा" हेच उत्तर मिळतं.

माझी गाडी लायब्ररीजवळच्या रस्त्यावर होती. तिथे एकाच पट्ट्यात दोन प्रकारच्या जागा आहेत. पुढच्या भागात कोणालाही दोन तास फुकट, मागच्या भागात फक्त परमिटवाले रहिवासी. दोन्हींच्या मधली आडवी पांढरी रेषा गॅसवाल्यांनी रस्ता खणून बुजवला तेव्हा डांबराखाली गेली, ती परत कोणी मारली नाही. मी दोन तासांच्या पाटीखाली गाडी लावली. तासाभरात परत आले तर काचेवर पिवळं पाकीट. कोड १२, परमिटशिवाय रहिवाशांच्या जागेत. दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरला तर ३५.

मी गाडी हलवायच्या आधी फोटो काढले. एवढं एक कराच. गाडी, पाटी आणि आजूबाजूचं काहीतरी न हलणारं, सगळं एका चौकटीत यायला हवं.

घरी येऊन कौन्सिलच्या साइटवर नोटीस लावणाऱ्या अधिकाऱ्यानं काढलेले फोटो पाहिले. ते पीसीएनचा नंबर टाकला की दिसतात. एक काचेचा, एक नंबरप्लेटचा, एक टायरच्या व्हॉल्व्हचा, एक मागून पूर्ण गाडीचा, आणि एक रहिवाशांच्या पाटीचा. पाटीच्या फोटोत माझी गाडी नव्हती. गाडीच्या फोटोत पाटी नव्हती. पाटी जवळून काढलेली, पण ती ज्या दिव्याच्या खांबावर होती त्यावर चिकटवलेला नंबर खालच्या कोपऱ्यात अर्धवट आला होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. तो खांब माझ्या गाडीच्या जागेपासून तीन घरं मागे आहे. माझ्या गाडीला लागून जो खांब, त्याचा नंबर वेगळा आणि त्यावर दोन तासांची पाटी. ही तक्रार मी दोन्ही खांबांच्या फोटोंसकट १४ दिवसांच्या आत ऑनलाइन पाठवली. मुदतीत तक्रार केली आणि ती फेटाळली गेली, तर कौन्सिलनं ३५ ची सवलत पुन्हा द्यावी असं सरकारी मार्गदर्शनात आहे, म्हणून उशीर करू नका.

उत्तर आलं. "अधिकाऱ्याच्या छायाचित्रांवरून त्या ठिकाणी पुरेशा पाट्या असल्याचं स्पष्ट दिसतं." खांबाबद्दल अक्षर नाही, बुजलेल्या रेषेबद्दल अक्षर नाही. मग तीन परिच्छेद परमिट कुठून घ्यावं याबद्दल, आणि शेवटी ठळक अक्षरांत ३५ पौंड भरायची नवी तारीख. हे पत्र लिहिणाऱ्यानं माझे फोटो उघडलेच नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

आणि इथेच सगळं अडकलं.

माझी समजूत अशी, की पत्र आलं म्हणजे आता स्वतंत्र पंचाकडे जाता येईल. नाही जाता येत. लंडनबाहेरच्या इंग्लंडसाठी आणि वेल्ससाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनल आहे, पण तिथला दरवाजा उघडायला आधी नोटीस टू ओनर नावाचा कागद, म्हणजे गाडीच्या मालकाच्या नावानं नोटीस, यावी लागते. त्यावर पुन्हा रीतसर तक्रार करायची, ती फेटाळल्याचं पत्र यायचं, आणि मग अपील. नोटीस टू ओनर कौन्सिल २८ दिवसांनंतर पाठवू शकतं. शकतं, पाठवलीच पाहिजे असं नाही. कायद्यात त्यांना सहा महिन्यांपर्यंत मुभा आहे. त्या कागदाची वाट बघत बसण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही.

साइटवर नंबर टाकला की आधी दोन बटणं दिसायची, "पैसे भरा" आणि "तक्रार करा". आता फक्त पहिलं उरलं. सवलतीची तारीख गेली त्या सकाळी ३५ चे ७० झाले. नवरा रोज विचारायचा, "आला का कागद? की भरायचे?" फोन केला तर आधी रेकॉर्डिंग, दंड भरायचा असेल तर १ दाबा. बऱ्याच वेळानं एक बाई बोलल्या. त्यांना म्हटलं, मला पुढे जायचंय, कागद कधी येईल? त्या म्हणाल्या, "सिस्टिम पाठवेल." कधी? "ते इथून दिसत नाही." तोवर माझा दंड वाढत तर नाही ना? "हवं तर आत्ता भरू शकता." मी ईमेल केला, तर उत्तर आलं की या प्रकरणाला उत्तर दिलेलं आहे. कामावरून आले की दाराशी पडलेली पत्रं चाळायची, हाच उद्योग. पत्र टपालात हरवलं आणि मुदत निघून गेली तर थेट ५० टक्के वाढीव चार्ज सर्टिफिकेट येतं, म्हणजे १०५ पौंड, आणि तेही नाही भरलं तर प्रकरण नॉर्दम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये कर्ज म्हणून नोंदलं जातं. पुढे वसुलीवाले दारात. ही भीती डोक्यात ठेवून गप्प वाट बघायची, आणि समोर सतत एकच बटण. ज्याची बाजू खरी आहे त्यानंही कंटाळून पैसे भरावेत यासाठी याहून सोपी रचना करता येणार नाही. लोक म्हणतात, कौन्सिलला कमाई करायचीय. कायद्यानं हा पैसा आधी पार्किंगचा खर्च भागवायला आणि उरला तर वाहतूक, रस्ते अशा ठरलेल्या कामांनाच वापरता येतो, आणि रस्त्यावर फिरणारा अधिकारी मला कधी उर्मट भेटला नाही. माझा राग त्या टेबलावर आहे जिथे फोटो न बघता पत्र निघतं.

हो, एक राहिलं. नोटीस टू ओनर डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याकडे, गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याला आणि तिथल्याच पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, पत्ता आजच बदलून घ्या. कंपनीची किंवा लीजची गाडी असेल तर त्या कंपनीला आधीच कळवून ठेवा, नाहीतर ते परस्पर पैसे भरतील आणि तुमच्याकडून वसूल करतील. पैसे भरले की प्रकरण तिथेच बंद होतं.

शेवटी कागद आला. तेच फोटो, तीच तक्रार पुन्हा पाठवली, "नियमभंग झालाच नाही" या कारणाखाली. या वेळी मी रस्त्याच्या ऑर्डरचा नकाशाही मागितला, म्हणजे कोणती जागा कुठून कुठपर्यंत हे कायद्यानं ठरवणारा कागद. पाट्या आणि खुणा नीट ठेवणं ही कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी आहे, हेही लिहिलं. रीतसर तक्रारीला ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर ती मान्य झाली असं धरलं जातं. उत्तर मुदत संपता संपता आलं, पुन्हा नकार, नकाशा नाही. पण यासोबत अपिलाचा कोड होता.

ट्रिब्युनलचं काम झटक्यात झालं. ऑनलाइन, फी नाही, वकील नाही, आणि तिथे हरलं तरी उगाच खर्च अंगावर पडत नाही. अपील टाकलं, आणि सुनावणीच्या आधीच कौन्सिलनं कळवलं की आम्ही हे लढवत नाही. दंड रद्द. जे फोटो त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होते, ते पंच बघणार म्हटल्यावर त्यांना दिसले. मला आनंद झालाच, पण तो खांबाचा नंबर कोणीतरी निकालात लिहिलेला मला वाचायचा होता.

आमच्या ओळखीच्या एका काकूंना त्याच रेषेपाशी कोड १२ लागला होता. त्यांनी घाबरून ३५ पौंड भरून टाकले, ते आता परत मिळायचे नाहीत. रेषा अजून मारलेली नाही. कौन्सिलच्या रस्ते विभागाला मी खांबाच्या नंबरासह लिहिलंय. त्या रस्त्यावर कोणाला नोटीस लागली असेल तर मला कळवा, दोन्ही खांबांचे फोटो लगेच पाठवते.