तुम्ही विचारलंत म्हणून: अंगाच्या उष्णतेवर फोन

उष्णतेतून वीज काढणाऱ्या प्लास्टिकवर मी संशोधन करते. चवथीला घरी गेले की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, बसलेल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, "बाय, तुझ्या त्या प्लास्टिकवर फोन चार्ज होणार कधी?" यंदा काकांची पाळी होती. हातात नेवरी, समोर घुमटवाले आरतीसाठी खोळंबलेले, तेव्हा "होईल हो" म्हणून सुटले. काका, आता नीट उत्तर देते.

फोन चार्ज होणार नाही. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो, पण ती अंगभर पसरलेली असते. मनगटावरच्या १० चौरस सेंटीमीटर पट्टीच्या वाट्याला त्यातले जेमतेम ६० मिलिवॉट येतात. पट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत २ अंशांचा फरक टिकला असं धरू. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल हे कार्नोचा नियम सांगतो, आणि तेवढ्या फरकावर तो पाऊण टक्क्यापेक्षाही कमी वीज काढू देतो. खरं उपकरण त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाला पोचलं तरी मी पेढे वाटीन. हाती काय आलं? ४० मायक्रोवॉट. फोनचा साधा चार्जर ५ वॉटचा, म्हणजे सव्वा लाख मनगटं हवीत. आणि हा हिशोब थंड हवेतला. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवा ३४ अंश, कातडीही त्याच्याच आसपास. फरकच नाही तर वीज कसली? या विषयासाठी मी गाव जरा चुकीचं निवडलं आहे, हे मान्य.

४० मायक्रोवॉटवर मधूनमधून जागा होऊन एक आकडा पाठवणारा छोटा सेन्सर मात्र चालतो. शिवाय उष्णता माणसाचीच हवी असं कुठे आहे? कारखान्यातला गरम पाइपही चालेल. त्याच्याभोवती गुंडाळता येईल, शाईसारखं छापता येईल, असं काहीतरी हवं. या कामातला जुना खेळाडू बिस्मथ टेल्युराइड. तो चांगला आहे, पण ठिसूळ, आणि त्यातलं टेल्युरियम दुर्मीळ. म्हणून आम्ही कॉन्जुगेटेड पॉलिमरच्या, म्हणजे वीज वाहू शकणाऱ्या प्लास्टिकच्या, मागे लागलो.

एक टोक गरम, दुसरं गार ठेवलं की दोन्हींमध्ये व्होल्टेज उभं राहतं, हे जर्मन शास्त्रज्ञ सीबेकनं १८२१मध्ये पाहिलं. आम्हाला तीन गोष्टी एकदम हव्या असतात: दर अंशाला जास्त व्होल्टेज, विजेला मोकळी वाट आणि उष्णतेला अडसर. उष्णता अडवणं पॉलिमरला जन्मजात जमतं. भांडण पहिल्या दोघांचं. डोपिंग करून, म्हणजे डोपंट नावाचा दुसरा रेणू मिसळून, विद्युतभार वाढवले की वीज सुरेख वाहते, पण गर्दी वाढली की दर अंशाचं व्होल्टेज घसरतं. एकाला खूष करावं तर दुसरा रुसतो. तिन्हींचा मेळ दाखवणारा आकडा झेडटी. बिस्मथ टेल्युराइडचा साध्या तापमानाला १च्या आसपास. पेडॉट या पॉलिमरसाठी स्वीडनमधल्या गटानं २०११मध्ये ०.२५ नोंदवला, मिशिगनच्या गटानं २०१३मध्ये ०.४२. आकडे लहान दिसतात, पण प्लास्टिकनं तिथवर यावं याचं आम्हाला त्या वेळी अप्रूप होतं.

आता रेणूची रचना. काका, माटोळी तुम्हीच बांधता, तेव्हा हे तुम्हाला लगेच कळेल. वरची लाकडी चौकट म्हणजे पॉलिमरचा कणा. वीज त्याच्यातून धावते. खाली लटकवलेली फळं म्हणजे बाजूच्या साखळ्या. त्या नसतील तर पॉलिमर कशातच विरघळत नाही, मग छापणार काय? फार असतील तर शेजारचे कणे एकमेकांजवळ येत नाहीत आणि वीज एकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकत नाही. शिवाय डोपंटच्या रेणूला त्या फळांच्या गर्दीत बसायला जागा हवी, तीही कण्यांची रांग न बिघडवता. इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या जातीत डोपंट नीट मिसळावा म्हणून अलीकडे ग्लायकॉलच्या साखळ्या लावतात. मिसळतो छान. पण ग्लायकॉलला पाणी आवडतं, आणि पाण्याची गोव्यात काय कमतरता!

पाण्यानं मला एकदा चांगलंच बनवलं आहे. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि खोलीतला डीह्युमिडिफायर बिघडलेला. काचेवर पेडॉट-पीएसएसची (पेडॉट आणि पीएसएस या दुसऱ्या पॉलिमरच्या मिश्रणाची) निळसर फिल्म, दोन्ही टोकांखाली गरम-गार करणारे ठोकळे, ५ अंशांचा फरक. एरवी या फिल्मचा आकडा दर अंशाला १८ मायक्रोव्होल्टच्या पुढे हलत नाही. त्या रात्री दीडशेच्या वर! तीनदा मोजलं. रात्री अकराला सरांना फोन केला. ते म्हणाले, "यंत्र दुरुस्त करून घे, मग बोलू." मला राग आला.

चार दिवसांनी कोरड्या खोलीत तीच फिल्म परत १८वर. पीएसएस हवेतलं पाणी पितं, त्या पाण्यात प्रोटॉन सुटे होतात आणि गरम टोकाकडून गार टोकाकडे सरकतात. मीटरला ते खरंच व्होल्टेज दिसतं. पण प्रोटॉन तारेत शिरू शकत नाहीत, त्यामुळे रेझिस्टर जोडला की थोड्या वेळात सगळं ओसरतं. ओल्या फिल्मवर मी ते करूनही पाहिलं. रेघ पडद्यावर खाली खाली जात होती आणि मी बघत बसले होते. जपानी रसायनशास्त्रज्ञ शिराकावा काम करत त्या प्रयोगशाळेत १९६७ साली चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि पॉलिअसेटिलीन या पॉलिमरची चंदेरी फिल्म मिळाली. तो धागा पुढे वीज वाहणाऱ्या प्लास्टिकसाठीच्या २०००च्या नोबेलपर्यंत गेला. माझ्या चुकीतून निघाला तो रजिस्टरमधला एक नवा रकाना. आता तारखेनंतर पहिला आकडा आर्द्रतेचा लिहिते, ६० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी मोजतच नाही. पावसाळ्यात माझे बरेच दिवस असे कोरडे जातात, म्हणजे ओले.

आरती झाल्यावर काकांना यातलं थोडंफार सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या हवा सुकवणाऱ्या यंत्रात दिवसाला पाणी किती जमतं?"

"जुलैत? बादलीभर सहज."

"आणि त्याला वीज किती लागते?"

तो आकडा मी त्यांना सांगितला नाही.