सोनेरी अक्षरांपायी गेलेले सात आठवडे

एका संग्रहालयाच्या नव्या मराठी संकेतस्थळाची दृश्य रचना तपासून देण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. नाणी, ताम्रपट आणि कांस्यमूर्तींची छायाचित्रे सुरेख होती, मांडणीची तपासणीही आठवड्याभरात आटोपली. काम अडले ते एका रंगापाशी.

मुखपृष्ठावर फिकट मलईरंगावर सोनेरी अक्षरांत वेळा आणि तिकिटाचे दर दिले होते. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या (ती सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या) आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ असावा लागतो आणि मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. येथे तो जेमतेम २:१ भरला. मी तसे अहवालात लिहून गडद तपकिरी रंग सुचवला, तेव्हा रंग समितीने मंजूर केलेला असल्यामुळे फाइल पुन्हा समितीपुढे ठेवावी लागेल, असे कार्यालयाने कळवले. त्यानंतर दर सोमवारी मी फोन करायचो आणि ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच उत्तर मिळायचे. चौथ्या आठवड्यात दोन्ही रंगांच्या छापील प्रती मागवल्या गेल्या. गुळगुळीत कागदावर मोठ्या आकारात छापलेला सोनेरी रंग खरोखरच उठून दिसला, आणि ‘पूर्वीचाच ठेवावा’ असा शेरा मारून फाइल परत आली. फोनवर वाचायची गोष्ट कागदावर पारखली जात होती, याचा मला आजही राग येतो.

शेवटी मी समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना भर दुपारी तिकीट खिडकीपाशी येण्याची विनंती केली आणि माझा फोन त्यांच्या हाती देऊन म्हटले, ‘सर, संग्रहालय कोणत्या वारी बंद असते, तेवढे पाहून सांगा.’ त्यांनी पडद्यावर तळहाताची सावली धरली, उन्हाकडे पाठ केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘अहो, इथे काही लिहिलेलेच दिसत नाही.’ चार दिवसांत गडद तपकिरी रंगाला मंजुरी मिळाली.

म्हणून उन्हातली चाचणी पहिल्याच दिवशी घ्यावी, आणि निर्णय घेणाऱ्यांना सोबत उभे करावे. रांगेतले प्रेक्षकही आनंदाने मदत करतात. पाच जणांकडून बहुतेक ठळक दोष उघडे पडतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचे म्हणणे मला येथे पटले. प्रेक्षकांना ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. त्याऐवजी एखादी माहिती शोधायला सांगून गप्प राहावे. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, मोठा करून पाहायलाही विसरू नये.

देवनागरीची एक गोष्ट सांगायची राहिली. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवले होते, त्यामुळे ‘शिल्पदालन’ या शब्दाची शिरोरेषा जागोजागी तुटली होती. ओळींमधले अंतर इतके कमी होते, की ‘मूर्ती’चा रफार आणि वेलांटी वरच्या ओळीला चिकटत होत्या. मांडणी इंग्रजी मजकुरावर बेतली, की असे होते. ही दुरुस्ती कोडच्या दोन ओळींची होती आणि तिला समितीची मंजुरी लागत नव्हती, त्यामुळे ती त्याच संध्याकाळी झाली.