मोत्या आणि ठमी: अकराव्या आठवड्याची नोंद

आज सकाळी माझा थोरला कुत्रा मोत्या उठून माझ्याकडे यायला निघाला, तेव्हा वाटेत ठमी, आमचं नवं पिल्लू, हातपाय पसरून पडली होती. तो थांबला, तिचा कान हुंगला, बाजूने वळसा घातला आणि माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली. अंग ताठ नाही, ओठ वर नाही, आवाज नाही. तिसऱ्या आठवड्यात याच जागी मला दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचं खोकं सरकवावं लागलं होतं. म्हणून वहीतल्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि काय काय बदललं ते सलग लिहून काढते आहे.

मोत्या 8 वर्षांचा, 22 किलोचा. ठमी 9 आठवड्यांची असताना आली, आता 20 आठवड्यांची आहे. पहिली भेट घराबाहेर, ओळखीच्यांच्या बंद अंगणात करवली. ठमीचं लसीकरण तेव्हा अर्धंच झालं होतं, म्हणून ही जागा निवडली: तिथे फक्त लसीकरण पूर्ण झालेली कुत्री येतात. दोघं एका दिशेने, मध्ये अंतर ठेवून चालली, मग हळूहळू जवळ आली. भेट छान झाली. तीन दिवस घरातही शांतता होती. चौथ्या दिवशी मी ठमीला मांडीवर घेतलं आणि मोत्याने तिच्या आणि माझ्या मध्ये डोकं घुसवलं. सहाव्या दिवशी तो गुरगुरला.

तिथे माझी पहिली मोठी चूक झाली. मी त्याला दरडावलं. दोन-तीनदा दरडावल्यावर गुरगुर थांबली आणि मला वाटलं, समजलं त्याला. दोन दिवसांनी ठमी त्याच्या अंथरुणाकडे गेली आणि तो एक शब्द न काढता तिच्यावर झेपावला. दात लागले नाहीत, पण तिचा कान त्याच्या लाळेने भिजला होता. गुरगुर म्हणजे त्याचं ‘लांब हो’ म्हणणं. ते म्हणायची मीच बंदी घातली, मग त्याच्याकडे झेपेखेरीज उरलं काय? त्या दिवसापासून गुरगुरीला रागावणं बंद. गुरगुरला की ठमीला हाक मारून बाजूला घ्यायचं आणि वहीत नोंद करायची: वेळ, जागा, कशावरून. गुरगुरीच्या आधीच्या खुणाही लिहायला लागले. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं पाहणं, क्षणभर गोठून उभं राहणं. मोत्याचं गोठणं जेमतेम एका सेकंदाचं असतं. ते दिसायला मला दोन आठवडे लागले.

दुसरी चूक जास्त खोल होती, आणि ती मी प्रेमापोटी करत होते. या वयाचं पिल्लू दिवसात 18 ते 20 तास झोपतं. ठमी क्रेटमध्ये, म्हणजे तिच्या झोपायच्या पिंजऱ्यात, झोपली की मी मोत्याला सगळं द्यायचे. ब्रश, चेंडू, पोट खाजवणं, त्याच्याशी गप्पा. त्याच्या वाट्याचं काही कमी होऊ नये म्हणून. ठमी उठली की तिला शूसाठी उचलून बाहेर पळायचं, म्हणजे मोत्याचं सगळं तिथल्या तिथे तुटायचं. तिसऱ्या आठवड्यात वहीत एक विचित्र नोंद सापडते: ‘ठमी दिसायच्या आधी गुरगुर. क्रेटची कडी वाजली तेव्हा.’ हीच नोंद चार दिवसांत पाच वेळा आहे. ते वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. मोत्याला ठमीचा राग आला नव्हता. ती जागी झाली की आपलं सुख संपतं, हे मीच त्याला रोज सात-आठ वेळा शिकवत होते.

त्या आधी लपवाछपवीही करून पाहिली होती. पडदा ओढून पलीकडे ठमीला कुरवाळायचे. काही उपयोग नाही. 2021 मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 कुत्र्यांवर केलेला प्रयोग नंतर वाचनात आला. मालक खोट्या कुत्र्याला कुरवाळतो आहे, पण मध्ये आडोसा. दिसत नसतानाही कुत्री मालकाकडे जायला पट्टा जोरात ओढत होती. खोट्या कुत्र्याच्या जागी साधी नळकांडी असली तर तेवढा जोर लावत नव्हती. पडद्याआड काय चाललंय हे मोत्याला पुरतं कळत होतं.

मग क्रम उलटा केला. कडी वाजली की मोत्याला खाऊ. ठमी खोलीत आली की मोत्याला ब्रश, चेंडू, गप्पा. ठमी झोपली की मी माझ्या कामाला आणि तो त्याच्या झोपेला. यात क्रम फार जपावा लागतो. आधी कडी, मग माझा हात खिशात. पहिले दोन दिवस मी आधी खिशात हात घालत होते, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष खिशाकडे आणि कडीचा अर्थ तसाच. क्रम सुधारल्यावर सहाव्या दिवशी कडी वाजली आणि मोत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, शेपूट सैल हलवत. त्या पानावर मी तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.

खाऊ देताना ठमीलाही बाजूला काहीतरी मिळतं. व्हिएन्नातल्या 2009 च्या प्रयोगात दोन कुत्री शेजारी बसवून पंजा मागितला होता. एकाला खाऊ आणि दुसऱ्याला काहीच नाही असं झालं, की न मिळालेलं कुत्रं लवकरच पंजा देईनासं व्हायचं. एकाला भारी आणि दुसऱ्याला साधा खाऊ दिला, तर मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे कोणाला कोणता तुकडा ही चिंता मी सोडली. कोणी कोरडं राहत नाही एवढं पाहते.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. तिसऱ्या आठवड्यातल्या 31 गुरगुरींपैकी 19 संध्याकाळी 7 ते 9 मधल्या. त्या वेळी ठमी दमलेली असायची, आणि दमलेलं पिल्लू झोपण्याऐवजी पिसाळल्यासारखं चावत सुटतं. मोत्याच्या गालाला ते सुईसारखे दुधाचे दात लावून लोंबकळायची. याला मत्सर म्हणणं मोत्यावर अन्याय आहे. साडेसहाला ठमीला क्रेटमध्ये झोपवायला लागले आणि पाचव्या आठवड्याचा आकडा 14 वर आला. आतल्या खोलीच्या दाराला बेबी गेटही लावलं. त्यापलीकडे ठमी कधीच जात नाही. सकाळचा एक फेरा मोत्याचा एकट्याचा.

सहाव्या आठवड्यात आकडा पुन्हा 22 झाला. मी हादरले. नोंदी चाळल्या तर बहुतेक वेळा ठमी त्याच्या मागच्या बाजूला धडकली होती. व्हेटनी तपासलं, उजव्या खुब्याच्या सांध्यात दुखणं निघालं. औषध सुरू झालं, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आल्या, वजन दीड किलोने उतरवायचं ठरलं. दोन आठवड्यांत आकडा 9. थोरल्याची तपासणी पिल्लू आणायच्या आधीच करायला हवी होती, हे मला आजही लागतं. तो दुखतंय म्हणत होता आणि मी त्याला जळतोय म्हणत होते.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. रोज तेच, तसंच. मोत्याने पहिल्यांदा खेळायला पुढचे पाय वाकवले तो नवव्या आठवड्यातला मंगळवार. जेमतेम दहा सेकंद खेळला आणि निघून गेला. मी त्याला जाऊ दिलं, ठमीला मागे जाऊ दिलं नाही.

या आठवड्याचा आकडा 3. तिन्ही वेळा सोफ्यावर. भांडी वेगळ्या खोल्यांत आहेत आणि कायम तशीच राहतील. चघळायची वस्तू दोघांसमोर एकत्र अजून ठेवलेली नाही, ठेवायची घाईही नाही. ठमीचे दुधाचे दात पडायला लागलेत. पिल्लू म्हणून मोठी कुत्री जे खपवून घेतात, ते या वयापासून हळूहळू आटतं. म्हणून मोत्या सरळ तंबी देईल अशी मी तयारी ठेवली आहे. मोजूनमापून दिली तर मध्ये पडणार नाही. ठमी दबली आणि तरी तो थांबला नाही, तर पडणार.

सोमवारपासून सोफ्यासाठीचा सराव. पहिले चार दिवस दोघंही खाली सतरंजीवर, मी मध्ये, ठमी पट्ट्यावर. ठमीला एकदा हात लावायचा, लगेच मोत्याच्या मानेवर हात. पाच वेळा, मग उठायचं. तो माझ्या मांडीत डोकं घुसवायच्या आधी गोठतो का, ते पाहायचं आहे.