आमची वाटचाल : बारा खणांची पेटी

दवाखान्यांसाठी त्यांच्या रुग्णांना स्तनांच्या तपासणीची आठवण करून देण्याच्या आमच्या व्यवसायाचे पहिले साधन म्हणजे बारा खणांची एक लाकडी पेटी होती. २०१२ साली माझ्या भागीदार ताईंनी, ज्या निवृत्त परिचारिका होत्या, ती ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या सुताराकडून करून घेतली. प्रत्येक महिन्याला एक खण, आणि ज्या महिन्यात रुग्णाची स्तनांची पुढची तपासणी येईल त्या खणात तिचे कार्ड उभे करायचे, एवढीच पद्धत. त्याआधी सहा वर्षे मी एका निदान केंद्राच्या नोंदणी खिडकीवर होते आणि मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे, अहवाल न्यायला कोणी न आल्यामुळे ते कपाटात पडून राहिलेले रोज पाहत होते.

कार्डावर वय, मागील तपासणीची तारीख, आई किंवा बहिणीच्या आजाराची नोंद आणि अहवालातला बायरॅड्सचा, म्हणजे कर्करोगाचा संशय किती हे सांगणाऱ्या पट्टीचा, अंक असे. त्या अंकांचे अर्थ या व्यवसायातल्या वाचकांना सांगायला नकोत. मात्र स्वागतकक्षातल्या मुलींना ते जरूर शिकवावेत, कारण शून्य पाहिले की त्यांना ‘काही सापडले नाही’ असे वाटते, आणि प्रत्यक्षात ती तपासणी अपुरी असून आणखी प्रतिमा हव्या असतात. म्हणून शून्य आणि संशय दाखवणारे चार व पाच यांना ताईंनी लाल चिमटा ठरवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायच्या तीनला पिवळा. आज सगळे संगणकावर आहे, तरी आमच्या पडद्यावर रंग तेच आहेत.

आमच्या पहिल्या ग्राहक म्हणजे नौपाड्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाई. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. मॅमोग्राफी कोणाची, कितव्या वर्षी आणि किती अंतराने करायची, हे खासगी दवाखान्यात डॉक्टरच ठरवतात. बाई प्रत्येक कार्डावर ते अंतर स्वतःच्या हाताने लिहीत. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयासाठी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीची शिफारस केली, तेव्हा त्यांनी ती आमच्या टेबलावर ठेवून आपल्या जुन्या रुग्णांची यादी पुन्हा तपासायला लावली.

२०१८ साली आमच्याकडे चौदा दवाखाने होते. त्याच वर्षी नवी मुंबईतल्या एका कंपनीने आमच्याहून निम्म्या दरात चाळिशीवरच्या प्रत्येक रुग्णाला एसएमएस पाठवण्याची सेवा सुरू केली. तपासणी झालेली असो वा नसो, संदेश सर्वांना एकच, तोही इंग्रजीत, कारण इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात आणि मराठीत अवघी ७०. मराठीचा खर्च दुप्पट किंवा त्याहून अधिक येतो. महिनाअखेरीस ते ‘इतके संदेश पोहोचले’ असा तक्ता देत. आम्ही किती स्त्रिया प्रत्यक्ष आल्या हे देत होतो, आणि तो आकडा साहजिकच लहान दिसे. आठ महिन्यांत नऊ दवाखाने गेले. आमच्या पाठपुरावा पत्रकाचा नमुनाही त्या कंपनीने रकान्यांसह जसाच्या तसा उचलला, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच काळात चूक आमच्याकडूनही झाली. डॉक्टर बाईंच्या एका रुग्णाने नोंदणीत मुलाचा मोबाईल क्रमांक दिला होता आणि आमचा संदेश, त्यात ‘स्तन’ हा शब्द असलेला, त्या मुलाने घरात सर्वांसमोर वाचला. मी राजीनाम्याच्या तयारीनेच बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले, वर्षभराची रक्कम आगाऊ दिली आणि क्रमांक कोणाचा हे विचारणारा रकाना त्याच दिवशी कार्डावर वाढवायला सांगितला. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, पण तो रकाना आधी करून घ्या, आणि संदेशात फक्त दवाखान्याचे नाव व ‘आपली पुढील तपासणी’ एवढेच लिहा.

मार्च २०२१ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार नोंदणी नसलेले संदेशांचे मजकूर अडवायला सुरुवात झाली, तेव्हा आमचेही काही संदेश अडकले. पण आमच्याकडे दूरध्वनीची यादी होती आणि ताई दिवसभर फोनवर बसल्या. प्रतिस्पर्ध्याकडे फक्त संदेश होते. पुढच्या वर्षभरात चार दवाखाने परत आले.

परत न आलेल्या पाच दवाखान्यांची कार्डे त्यांनी मागितली त्याच दिवशी, रुग्णांची कागदपत्रे म्हणून, आम्ही मोजून परत केली होती. त्यांपैकी अकरा कार्डांना लाल चिमटे होते आणि ते काढू नका, असे मी प्रत्येक खोक्यावर लिहिले होते. त्या अकराजणींचे पुढे काय झाले, हे आम्हाला कोणी कळवले नाही.