जिन्यापासून दोन पावलं

दादरला मध्य रेल्वेच्या बाजूला संध्याकाळी सहानंतर तिकीट तपासायचं तर आधी जागा धरावी लागते. आमच्या तुकडीत नव्याने रुजू झालेली मुलगी त्या दिवशी पुलाच्या जिन्यासमोर मधोमध उभी राहिली. फास्ट लोकल लागली, लोंढा आला आणि प्रत्येक धक्क्याला तिचं पाऊल मागे सरकू लागलं. पाऊल मागे गेलं की हनुवटी खाली जायची आणि ‘तिकीट?’ हा शब्द विनंतीसारखा बाहेर पडायचा. अंगात काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, तरी लोक तिच्या बाजूने सरळ निघून जात होते.

मी तिला जिन्यापासून दोन पावलं बाजूला घेतलं. पाठ खांबाकडे, अंग येणाऱ्या गर्दीला तिरकं. खांब पाठीशी असला की मागून कुणाचा धक्का लागत नाही आणि थांबवलेल्या प्रवाशालाही उभं राहायला कोपरा मिळतो. जिन्यावर किंवा जिन्याच्या तोंडाशी कुणालाही अडवायचं नाही, यात माझ्याकडे सवलत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. अरुंद जिन्यावर एकाला थांबवलं की मागच्यांना थांबायला जागाच नसते.

मग पाय. खांद्याइतकं अंतर, एक पाऊल किंचित पुढे, भार दोन्हींवर. एका पायावर रेलून उभं राहिलं की माणूस कंटाळलेला दिसतो, आणि कंटाळलेल्या टीसीला चुकवता येतं हे मुंबईकराला पक्कं ठाऊक असतं. माणूस आठ-दहा पावलांवर असतानाच नजर त्याच्यावर ठेवायची आणि फक्त मान न वळवता छातीसकट त्याच्याकडे वळायचं. तो जवळ आल्यावर अचानक हात पुढे केला तर तो दचकतो, आणि दचकलेला माणूस आधी भांडतो. हात कमरेच्या उंचीवर, कोपर अंगाजवळ, तळवा वर. वाटेत आडवा हात घालायचा नाही, बोट रोखायचं नाही, अंगाला तर स्पर्शही नाही. ‘तिकीट दाखवा’ म्हणताना शेवटी सूर खाली यावा. तो वर गेला की वाक्याचा प्रश्न होतो आणि प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येतं. एवढं बोलून गप्प राहायचं. नव्या लोकांना हेच जड जातं. समोरचा खिसे चाचपत असतो आणि हे आपले ‘पास आहे का, मोबाइलवर आहे का’ करत राहतात.

ती सावरली, लोक थांबू लागले. तेवढ्यात फर्स्ट क्लासमधून उतरलेल्या एका गृहस्थांकडे सेकंड क्लासचा पास निघाला. त्यांनी आवाज चढवला, मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. चार माणसं जमली. मुलीची बोटं ओळखपत्राची दोरी पिळू लागली, ओठांवर कसनुसं हसू आलं आणि नजर माझ्याकडे वळली. या तिन्ही गोष्टी समोरच्याला लगेच वाचता येतात. कसनुसं हसू दिसलं की घासाघीस सुरू होते, आणि नजर दुसऱ्याकडे गेली की प्रवासी त्या दुसऱ्याशीच बोलायला लागतो. म्हणून मी जागची हलले नाही. मी मध्ये पडले असते तर त्या दिवसापुरता तिचा अधिकार तिथेच संपला असता.

तिने दोरी सोडली. ओळखपत्र छातीच्या उंचीवर, नाव वाचता येईल इतका वेळ स्थिर धरलं. मग समोरून सरकून त्यांच्या बाजूला, खांबाकडे तोंड करून उभी राहिली. ही जागा बदलणं फार मोलाचं असतं. समोरासमोर छाती भिडलेली असली की माघार घेणं दोघांनाही अपमानाचं वाटतं. बाजूला उभं राहिलं की दोघं मिळून एकच कागद बघत असतात. जमलेल्यांना आता नुसत्या पाठी दिसत होत्या, दोघं जण निघूनही गेले. गृहस्थ जितके मोठ्याने बोलत होते तितकी ती हळू बोलली: ‘रेल्वे कायदा १९८९, कलम १३८. भाडं आणि वर किमान २५० रुपये. पावती देते.’ आणि उत्तराची वाट न बघता पावतीपुस्तक उघडून तारीख लिहायला लागली. लिहिणारा हात थरथरू नये म्हणून पुस्तक डाव्या हाताच्या तळव्यावर, कोपर बरगडीला टेकवून धरायचं. रक्कम लिहून तिने मोठ्याने वाचली. मोबाइल खिशात गेला, पाकीट बाहेर आलं.

धावत्या गाडीत यातलं थोडं बदलतं. तिथे पाय गाडीच्या दिशेला आडवे न ठेवता एक पुढे, एक मागे, गुडघे सैल. ब्रेक लागला की तोल जातो तो पुढे-मागे. पावती लिहिताना दोन्ही हात गुंततात, म्हणून आधी पाठ पार्टिशनला टेकवायची, मगच पेन काढायचं. कॉलेजच्या मुलांचा घोळका असेल तर सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला आधी विचारू नये, त्याला प्रेक्षक हवेच असतात. कडेच्या शांत मुलाकडे वळावं. त्याने पास काढला की बाकीच्यांचे हात आपसूक खिशाकडे जातात.