लेंबिटच्या बगलेतल्या विहिरी

दादा-वहिनीकडे हेलसिंकीला आलो की एक दिवस एस्टोनियाच्या तालिनचा, हे आता ठरूनच गेलंय. बोटीने दोन तास. या खेपेला जुन्या शहराची तटबंदी सोडून कालामायाची वाट धरली. कालामाया म्हणजे शब्दशः 'मासळीघर'. आपला कोळीवाडाच म्हणा, फक्त रंगीत लाकडी घरांचा. त्याच्या टोकाला पहिल्या महायुद्धाच्या काळात सी-प्लेनसाठी बांधलेले काँक्रीटचे घुमट आहेत आणि घुमटांखाली 'लेंबिट' ही पाणबुडी.

लांबी जेमतेम ५९.५ मीटर. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाहिलेल्याला ही धाकटी बहीण वाटेल. एस्टोनियाने १९३३ मध्ये आपल्या दोन विनाशिका पेरूला विकल्या, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्यातून इंग्लंडच्या बॅरो गोदीत 'कालेव्ह' आणि 'लेंबिट' बांधून घेतल्या. १९३६ ला त्या पाण्यात उतरल्या. चार वर्षांतच सोव्हिएत संघाने देश गिळला आणि दोन्ही पाणबुड्या लाल आरमारात गेल्या. वर्गणी एस्टोनियाच्या लोकांची, लढाई स्टालिनची!

आत वाकून वाकूनच चालावं लागतं. पुढे टॉर्पेडोच्या चार नळ्या, त्यांच्याजवळच खलाशांच्या झोपायच्या फळ्या. पण मी शोधत होतो ते जहाजांसाठी पाण्यात सोडायचे सुरुंग, आणि ते आत नसतातच. दोन्ही बगलांच्या टाक्यांत उभ्या विहिरी आहेत, त्यांत मिळून वीस सुरुंग मावत. ठरल्या जागी ते खाली सोडायचे. नांगर तळाशी बसतो आणि दोराला बांधलेला गोळा ठरावीक खोलीवर तरंगत राहतो. जहाजाचा धक्का लागला की गोळ्यावरच्या शिंगातली काचेची नळी फुटते, आतलं आम्ल बॅटरी जागी करतं आणि स्फोट होतो.

मराठीत सुरुंग 'पेरतात'. पेरणारा मात्र पीक बघायला थांबत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून मागे न बघता समुद्रात परतणारी कासवीण आठवली. टॉर्पेडो सोडणारा निदान घड्याळ लावून स्फोटाची वाट बघतो. इथे कधी, कुठलं जहाज, किती माणसं, काहीच कळत नाही. संग्रहालयातले बुडवलेल्या जहाजांचे आकडे मी म्हणूनच वहीत उतरवून घेतले नाहीत.

'कालेव्ह' १९४१ च्या अखेरीस मोहिमेवर गेली ती परतलीच नाही. 'लेंबिट'ला सप्टेंबर १९४२ मध्ये पाण्याखाली असताना आग लागली, तरी ती घरी आली. १९४३ मध्ये जर्मनांनी तालिनजवळच्या नायसार बेटापासून फिनलंडच्या पोर्कलापर्यंत पोलादी जाळं टाकून फिनलंडच्या आखाताचं तोंडच शिवून टाकलं. वाट उघडली ती १९४४ च्या सप्टेंबरात फिनलंडने शस्त्रं खाली ठेवल्यावर. मग 'लेंबिट' पुन्हा निघाली. १९४५ मध्ये तिला 'लाल निशाण' पदक मिळालं. त्यानंतरही ती २०११ पर्यंत पाण्यातच होती.

बाहेर आलो तर वहिनीचा फोन. "भावोजी, परतीची बोट चुकवू नका हं, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत."

चुकली नाही. डेकवरून पश्चिमेला नायसार दिसत होतं, काळं, झाडीने भरलेलं. ते मागे पडेपर्यंत मी कठड्याशीच उभा राहिलो. मग वारा फारच झोंबायला लागला आणि मी कॉफीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.